साडूभाऊंच्या सूर्यावर बिबड्या

आमच्या साडूभाऊंइतका सूर्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडणार नाही, आणि त्यांच्या सूर्यावर बिबड्या वाळत घालणारा गाढवही माझ्याखेरीज दुसरा सापडणार नाही. मे महिना सरत आला होता. शाळेला सुट्टी, म्हणजे मी घरात सापडतो, आणि घरात सापडलेल्या मास्तरला काम मिळतंच. बायकोनं अर्धवट वाळलेल्या ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे आमच्या खानदेशी पापडांची, परात माझ्या हातात दिली आणि सांगितलं की आपल्या गच्चीवर टाकीची सावली येते, चांगलं कडक ऊन बघून घाला. मी ऊन बघत बघत मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. तिथं साडूभाऊंची ट्रेलरवरची खोली उभी होती आणि तिच्या टपावर काचेच्या दोन काळ्याभोर फळ्या, जराशा उतरत्या, स्वच्छ पुसलेल्या, हात भाजेल इतक्या तापलेल्या. बिबड्यांसाठी देवानंच घडवल्यासारखी जागा. शिडी लावली, जुनी साडी पसरली, साठ-सत्तर बिबड्या ओळीनं मांडल्या आणि घरी येऊन आमरस खाऊन झोपलो. मी लिंबायतच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. सौर ऊर्जेचा धडा मला पाठ आहे.

तीन वाजता उठून बिबड्या उलटायला गेलो तर साडूभाऊ शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे. ओरडले नाहीत. पस्तीस वर्षं मागाच्या खडखडाटात नोकरी केलेला हा माणूस साधं "चहा घ्या" म्हणतो तेव्हा तीन गल्ल्यांतून माणसं चहाला येतील असा त्यांचा आवाज. तो आवाज त्या दिवशी खाली आला होता. "मास्तर," ते म्हणाले, "तो सौर ऊर्जेचा धडा तुम्हीच शिकवता ना?"

"हो."

"पोरं पास होतात?"

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. ते कापडाच्या कारखान्यात मागांचे कारागीर होते. बिघडलेल्या मागाला हात लावायच्या आधी ते कान लावत, आणि नाडी पाहिल्यासारखं डोळे मिटून सांगत की डाव्या बाजूचा पट्टा ढिला आहे. निवृत्त झाल्यावर असली माणसं देवळात तरी जातात नाही तर बायकोच्या स्वयंपाकात तरी लक्ष घालतात. साडूभाऊंनी कापडाचे ताके वाहणारा एक जुना ट्रेलर विकत घेतला, एका वेल्डर मित्राकडून त्यावर पत्र्याची खोली चढवून घेतली, आत दोन बाकं, एक खिडकी, खिडकीला साडीच्या कटपीसचा पडदा, आणि जाहीर केलं की हे आपलं फिरतं घर. गल्लीला ते पटलं नाही. उन्हाळाभर माणसं येऊन विचारत की रसाची लारी कधी सुरू करताय. एकानं तर आगाऊ सांगून ठेवलं, आपल्याला बरफ कमी लागतो.

मग त्या खोलीवर सूर्य आला. दोन पॅनल, एक बॅटरी, एक इन्व्हर्टर आणि वायरींचं गुंडाळं. हे बसवून द्यायला एक माणूस येणार होता, पण तो पत्र्याला भोकं पाडताना ड्रिल फार जोरात दाबतो असं साडूभाऊंना आवाजावरून वाटलं आणि त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुढे सगळं स्वतः केलं. पहिल्यांदा पॅनल सपाट बसवले, तर त्यांवर धूळ साचून भाकरीच्या तव्यासारखे दिसायला लागले. दुसऱ्यांदा लोखंडी घोडी करून दक्षिणेकडे उतार दिला आणि हलू नयेत म्हणून मागाच्या जुन्या पट्ट्यांनी आवळून टाकले. पहिल्यांदा वायरी जोडल्या त्या उलट्या, लालच्या जागी काळी. फट्ट असा आवाज झाला, फ्यूज गेला, आणि साडूभाऊ समाधानानं म्हणाले, चला, वीज तर आहे. तेव्हापासून ते रोज इन्व्हर्टरला कान लावत. बॅटरी बाकाखाली बसवली होती आणि तिच्याबद्दल ते नव्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलत. आज पोटभर जेवली. आज ढग होते, अर्धपोटी राहिली. पॅनल पुसायला फिल्टरचं पाणी लागे, कारण नळाच्या पाण्याचे डाग पडतात. आक्का म्हणायची, मला चहाला नळाचं चालतं, सूर्याला नाही चालत.

या संसारात त्यांना एकच शत्रू होता, सावली. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पॅनलचा जोर जातो, हे त्यांना कळलं त्या दिवसापासून त्यांची शांतता गेली. शेजारच्या वहिनींची वाळत घातलेली चादर, कबुतरं, केबलची तार, सगळ्यांशी त्यांचं बिनसलं. संक्रांतीला पतंगांनी आभाळ भरलं तेव्हा ते दिवसभर छत्रीची काठी घेऊन टपावर बसले होते. एकदा मुलीकडचे पाहुणे आले, व्याही कौतुकानं शिडी चढून पॅनल बघू लागले, तर साडूभाऊ हात जोडून म्हणाले, "जरा सरकता का? तुमची सावली पडतेय." व्याही अजून त्या वाक्याचा अर्थ शोधतायत.

आता हे सगळं कशासाठी? आम्ही विचारलं की ते सांगत, फिरायला. पण फिरायला जाणाऱ्या माणसाला महाबळेश्वर लागतं, निदान सापुतारा लागतं. साडूभाऊंना जायचं होतं ते एका अशा गावाला, जे नाही. ते आठ वर्षांचे असताना त्यांचं गाव उकाईच्या धरणात गेलं. तापीकाठचं खानदेशातलं लहान गाव, तीस-चाळीस घरांचं. माणसं पांगली, कोणी इकडे कोणी तिकडे, आणि यांचा बाप पोराबाळांना घेऊन पाण्यामागोमाग खाली सुरतेला आला. उन्हाळ्याच्या शेवटी धरणाचं पाणी उतरतं तेव्हा गावाचे ओटे उघडे पडतात, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांतल्या आपल्या घराच्या ओट्यावर त्यांना एक रात्र काढायची होती. एकच. मागणं एवढंच, पण आड आला त्यांचा स्वतःचा श्वास. साडूभाऊ घोरतात. घोरणं चालू असतं, चालू असतं, आणि एकदम पट्टा तुटलेल्या मागासारखं सगळं थांबतं. श्वाससुद्धा. म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक मशीन दिलंय. त्याची नळी, नळीला मास्क, तो नाकावर बांधून झोपायचं, आणि त्याविना एकही रात्र झोपायचं नाही अशी सक्त ताकीद. मशीनला वीज लागते. त्या ओट्यापासून विजेचा खांब कोसभर लांब. एकदा संध्याकाळी गॅलरीत बसलेले असताना ते मला म्हणाले, "मास्तर, ज्या विजेसाठी गाव बुडालं, तिच्याच वायरीनं मला खाटेला बांधलंय." आणि लगेच विषय बदलून कोथिंबिरीवर गेले.

आमचं गाव अमळनेरच्या पुढे. घर आहे, अंगणात लिंब आहे. किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे, कॅलेंडर बदलताना ती दर वर्षी दिसते. जायचं म्हणतो आम्ही. हे सहज सांगितलं.

आक्कानं अट घातली होती. इथं दारात, पूर्ण रात्र, मशीन फक्त बॅटरीवर चाललं पाहिजे, तरच मी येईन आणि तुम्हालाही जाऊ देईन. तशी रंगीत तालीम झाली. साडूभाऊ प्लॉटवर त्या पत्र्याच्या डब्यात पंखा-दिवा लावून झोपले, आक्का समोरच्या बाकावर श्वास मोजत बसली, आणि सकाळी मशीन चालूच होतं. बॅटरी मात्र रिकामी झाली. ती भरायला मधला एक दिवस ठेवला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. तो मधला दिवस म्हणजे माझ्या बिबड्यांचा दिवस.

मी म्हटलं, एक दिवस पुढे ढकलू. साडूभाऊ नाही म्हणाले. पाऊस कधीही येईल, पाणी एकदा चढलं की पुढचं वर्ष. वाटेत ऊन आहे की, जेवेल ती चालता चालता.

निघालो. माझी जुनी गाडी पुढे, मागे फिरतं घर, वेग बैलगाडीला लाजवणारा. चलथाणला उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं आणि चालवणाऱ्यानं आदरानं हात केला. जेवायला थांबलो तेव्हा चांगली आंब्याची सावली सोडून साडूभाऊंनी ट्रेलर भर उन्हात लावायला लावला आणि आपण ट्रेलरशेजारी उभ्यानं भाकरी खाल्ली. सोनगढच्या पुढे आभाळ भरून आलं. इतर वेळी आम्ही म्हटलं असतं, काय गारवा आहे. त्या दिवशी माझ्या बायकोनं मांडीवरचा बिबड्यांचा डबा हळूच पायाखाली सरकवला.

पोचलो तेव्हा दिवस कलत होता. पाणी लांबवर गेलेलं, मधे भेगाळलेला गाळ, आणि गाळात दगडांच्या ओळी. साडूभाऊ चपला हातात घेऊन त्या ओळींमधून हिंडायला लागले. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी तीन वेगवेगळे ओटे आपले म्हणून दाखवले. आक्का म्हणाली, अख्खं गाव तुमचंच होतं वाटतं. मग ते एका दगडापाशी वाकले, बोटांनी गाळ उकरायला लागले. आत वाटीएवढा गोल खड्डा निघाला, कांडून कांडून गुळगुळीत झालेला. उखळ. त्यांनी त्यात हात घालून तो तसाच ठेवला.

"आठेच शे," ते म्हणाले. "हाऊ मना ओटा."

लिंबायतला इतकी वर्षं राहून त्यांची अहिराणी घराच्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. इथं आपोआप पडली. आम्ही तिघंही जरा लांब उभे राहिलो.

बॅटरीचा काटा अर्ध्यावर होता. त्यात रात्रभर चालेल असं एकच काहीतरी. आक्कानं हुकूम सोडला. पंखा बंद, दिवा बंद, कोणी मोबाइल लावायचा नाही, फक्त मशीन. साडूभाऊ "बरं" म्हणाले. एका शब्दात, वाद न घालता. तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मी बिबड्यांच्या ओझ्याखाली होतो. तार जोडून बघताना मी त्यांच्या पिशवीत साडीच्या चिंध्यांत गुंडाळलेला काचेचा बल्ब पाहिला होता, जुन्या पद्धतीचा, पिवळ्या उजेडाचा, शंभर वॉटचा. एकेका वॉटसाठी व्याह्याला सरकवणारा माणूस असला खादाड बल्ब कशाला बाळगतो, हेही मी विचारलं नाही. आक्का आणि साडूभाऊ डब्यात, आम्ही दोघं गाडीत, असे झोपलो.

पहाटे आक्काच्या हाकेनं जाग आली. ती डब्याच्या दारात उभी होती. हातात मास्क, नळी लोंबकळत होती. मशीन बंद, बाक रिकामं. तिचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. ती काही बोलायच्या आत माझ्या बायकोनं पाण्याच्या दिशेला बोट दाखवलं.

ट्रेलरपासून एक लांबच लांब वायर गाळावरून गेली होती. तिच्या टोकाला, उखळाच्या दगडाशेजारी रोवलेल्या काठीवर, तो पिवळा बल्ब जळत होता. उजाडत आलं होतं म्हणून फिका. खाली ओट्यावर साडूभाऊ मांडी घालून बसले होते, पाठ आमच्याकडे.

आक्का गाळ तुडवत गेली. रागावणारच होती, मागे आम्ही. जवळ जाऊन तिनं आधी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, श्वास बघायला ठेवते तसा.

"झोपलोच नाही ना," ते तिला म्हणाले. "झोपलो असतो तर थांबला असता." मग माझ्याकडे वळले. "आमच्या गावात लाइट आली नव्हती, मास्तर. यायची म्हणून गावच गेलं. काल आली."

थोड्या वेळानं त्यांचा नेहमीचा, तीन गल्ल्यांचा आवाज परत आला. म्हणाले, बरं झालं तुम्ही बिबड्या घातल्या. बॅटरी भरलेली असती तर मी मास्क बांधून निवांत झोपलो असतो आणि बल्ब पिशवीतच राहिला असता. एकच काहीतरी चालणार म्हणून निवडावं लागलं. आक्कानं विचारलं, याचं बटण कुठं आहे. ते म्हणाले, राहू दे, बॅटरी उपाशी होईपर्यंत राहू दे. ती त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली. सूर्य वर आला, बल्ब आहे की नाही ते कळेनासं झालं, तरी दोघं तिकडेच बघत होती. आणि ओट्यावर माझी सावली पडतेय म्हणून या वेळी कोणी मला सरकायला सांगितलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात पाऊस लागला. ओटा पाण्याखाली गेला असणार. फिरतं घर प्लॉटवर उभं आहे, पॅनलवर ताडपत्री आहे, आणि बॅटरी उपाशी आहे म्हणून साडूभाऊ चिडचिडे झालेत. संध्याकाळी कधी आम्ही पुलावर जातो. तापी गढूळ, दोन्ही काठ भरून वाहते. साडूभाऊ कठड्याला टेकतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्यानं सांगतात की हे पाणी आमच्या ओट्यावरून आलंय.

त्या बिबड्या मात्र उत्तम वाळल्या होत्या. एका पावसाळी संध्याकाळी बायकोनं तळून ताटलीत दिल्या. मी साडूभाऊंची गोष्ट पुन्हा एकदा, हात फिरवून, बल्ब जरा मोठा करून सांगत होतो. ती स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून ऐकत होती. खिळ्यावरच्या किल्लीला तिचं बोट लागलं, ती हलली. तिनं ती हलायची थांबू दिली आणि म्हणाली,

"आपलं गाव तर कोरडं आहे हो. लाइटही आहे तिथं."