तांब्याच्या घंगाळातलं औषध

लहानूजी गजभिये सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतात आणि मग स्वतःच्या मनाचंच करतात. मनीषनगरात आमच्या दोघांची मागची भिंत एकच, त्यामुळे चौदा वर्षं मी हे सोसतो आहे. ते वीज मंडळात लाइनमन होते. विजेच्या खांबावर सरसर चढणारा हा माणूस स्वयंपाकघरात मात्र पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः भरून घेत नसे. तिथे राज्य सिंधूताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं.

त्यांच्या अंगणातल्या मांडवावरची द्राक्षाची वेलही सिंधूताईंचीच. नाशिकला बहिणीकडे गेल्या होत्या, तिथून ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी काडी आणली. संत्र्यांच्या गावात द्राक्षं कसली लावता, म्हणून मी त्यांना पुष्कळ चिडवलं. द्राक्षं यायची, पण आंबटढाण. लहानूजी तोंड वाकडं न करता घोसच्या घोस संपवायचे आणि "गोड हायेत" म्हणायचे.

गेल्या वर्षी सिंधूताई गेल्या. त्यानंतर लहानूजींनी करवत घेतली आणि भर पावसात वेलीची छाटणी केली. थांबा म्हटलं, ते ऐकलं नाही. कापलेल्या जागांतून बुरशी शिरली. एकेक फांदी वाळत गेली आणि थंडी येईपर्यंत एकच हिरवी उरली.

"हे बी गेली तर तिच्या हातचं काहीच नाही राहात," ते भिंतीपलीकडून म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांची मुलगी प्रीती शेतीच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिने एक पुडा पाठवला आणि फोनवर समजावलं, "बाबा, हे जिवंत आहे. चांगली बुरशी आहे, रोगाच्या बुरशीले खाते. गुळाच्या पाण्यात दोन दिवस सावलीत ठेवा, मग खोडाशी टाका. हिरवी दिसली का समजा, जित्ती आहे. माझ्यापाशी एवढाच पुडा होता."

जिवंत म्हटल्यावर लहानूजींना प्लॅस्टिकची बादली चालेना. त्यांनी माळ्यावरून सिंधूताईंचं तांब्याचं घंगाळ काढलं आणि चिंचेनं लख्ख घासलं. "तिच्या वेलीले तिच्याच भांड्यातून देतो," म्हणाले. नुसत्या गुळावर त्या जिवाचं पोट कसं भरेल, म्हणून ताकही घालायचं ठरलं. ताक मी नेऊन दिलं. आमच्या घरचं, चांगलं आंबट, लोटाभर.

दोन दिवस ते घंगाळापाशी खुर्ची टाकून बसले. जेवणाचीही शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. पाण्याच्या कडेला हिरवी झाक धरली होती.

"जित्ती हाय," ते म्हणाले आणि रडू लागले. मलाही भरून आलं. आम्ही दोघांनी मिळून ते खोडाशी ओतलं.

पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. शेवटच्या फांदीची पानं पिवळी पडली, मग गळू लागली. लहानूजी सकाळ-संध्याकाळ खोडावर हात फिरवत बसायचे. "काहून ऐकून नाही राहिली वं?" असं ते वेलीला विचारायचे. बायकोशीही ते याच आवाजात बोलायचे. मी भिंतीपाशी जायचं बंद केलं.

रविवारी प्रीती आली. तिने खोड नखाने खरवडलं. आतून तपकिरी होतं, पार वाळलेलं. मग तिचं लक्ष घंगाळाकडे गेलं. काठावरचा हिरवा थर तिने बोटावर घेतला.

"बाबा, यात काय टाकलं होतं?"

"गूळ. अन् ताक."

"तांब्यात ताक?" तिने बोट मातीला पुसलं. "हे बुरशीचं हिरवं नाही, बाबा. कळकलं हे. तांब्यानं तर बुरशी मरते. ती भांड्यातच मेली."

कळकलं. हा शब्द माझी बायको महिन्यातून दोनदा तरी उच्चारते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवू नये, हे शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. आम्ही दोन म्हातारे मात्र ते विष बघून आनंदाने रडलो होतो.

"ताक कुठून आणलं?" प्रीतीने विचारलं.

लहानूजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"इकत आणलं व्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी घंगाळ उचलून मांडीवर घेतलं आणि काठावरचं हिरवं धोतराच्या सोग्याने पुसू लागले.

"तुही माय असती तं, मी ताक वतलं तवा तिनं चुलीपासूनच आवाज देला असता," ते म्हणाले.