शेजारच्या भाऊंच्या नोंदी

ऑगस्ट २००८, रविवार. पुण्याला हॉस्टेलवर असलेल्या मुलाला टीव्हीला जोडायच्या गेम-मशीनचा पेनड्राइव्ह पाठवायचा होता. "आई, जागा कमी दाखवली तर लपवलेले फोल्डर शोध आणि उडव," तो फोनवर म्हणाला.

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, तर 'नोंदी' नावाचा एक लपवलेला फोल्डर निघाला. आत एकाच गेमच्या, खेळ थांबवताना सेव्ह केलेल्या चाळीसेक फाइली, सगळ्या कामाच्या दिवशी दुपारी चार ते पाचमधल्या. त्या वेळी मी ऑफिसात असते, हे बोटीवर, आणि घराची दुसरी किल्ली शेजारच्या भाऊंकडे.

भाऊ निवृत्त हेडक्लार्क. नळाला पाणी आलं की आमची टाकी भरून देतात. खिशात पेन्सिल आणि प्रत्येक वाक्याला एकच शेपूट. "वहिनी, आज पाणी तीन-दहाला आलं, नोंद घ्या." मुलगा गेम खेळताना खिडकीतून ओरडायचे, "डोळे फुटतील रे मेल्या, नोंद घे!" त्यांनी नोकरीत सक्तीचा कॉम्प्युटर कोर्स केला, तेव्हा आम्ही हसलो होतो.

आणि हाच माणूस रोज तासभर माझ्या घरात बसून खेळत होता, वर माझ्याच कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये फोल्डर लपवत होता! किल्ली परत मागायचं मी ठरवलं. मग फाइलींची नावं वाचली. 'लेव्हल तीन', 'लेव्हल तीन पुन्हा', 'लेव्हल तीन पुन्हा पुन्हा'.

सोमवारी सकाळी मुलासाठी गेम नव्या पेनड्राइव्हवर घेतले. जुना गेम-मशीनला लावला, त्याखाली चिठ्ठी ठेवली आणि ऑफिसला गेले.

"भाऊ, आधी टाकी, मग गेम. नोंद घ्या."