खड्डाच व्हता

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळणं सोपं गेलं, कारण लोकांनी आपल्या मनानंच एक गोष्ट ठरवून टाकली होती आणि ती माझ्या सोयीची होती. बायकोच्या दहाव्याला नदीवर जमलेली माणसं तेच बोलत होती. "जोडा असावा तर असा. दुधाच्या टेम्पोत सुदिक नवऱ्याच्या शेजारी बसायची. एकट्याला गाडी काढू दिली न्हाई तिनं." मी मान खाली घालून ऐकत राहिलो. ती हौसेनं बसत नव्हती. मला मागं बघायला माणूस लागायचा, म्हणून बसायची.

आमचं गाव विंझरच्या अलीकडं. सकाळी आसपासच्या वाड्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करायचे आणि सारोळ्याजवळच्या डेअरीत नेऊन घालायचे, हा माझा धंदा. गाडी मी जपून चालवायचो. कधी कुणाला धक्का लागला नाही, माझ्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा मेली नाही. हे आज मी ठामपणे लिहू शकतो. तेव्हा मला ते कधीच ठाम वाटलं नाही.

चाक खड्ड्यात गेलं की दणका बसतो, हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. मलाही कळत होतं. पण दणका बसला की माझ्या डोळ्यांपुढं यायचं, मागं रस्त्यावर कुणीतरी पडलंय. कधी म्हातारी, कधी शाळेला निघालेली पोर. आरशात बघायचो तर रस्ता मोकळा. मग वाटायचं, घरंगळून रस्त्याकडेच्या चारीत गेली असली तर? गाडी वळवायचो. चारीत उतरून गवत बाजूला करायचो, चाकावरून हात फिरवून बोटं बघायचो, लाल झालीत का. काही नसायचं. परत निघालो की नवीन शंका: आत्ता गाडी वळवताना कुणाला लागलं नसेल ना?

तोवर ऊन चढायचं. डेअरीतला माणूस कॅनचं झाकण उघडून हुंगायचा. "भाऊ, दूध आणलं का दही?"

मागचा कुणीतरी म्हणायचा, "त्यांची गाडी म्होरं कमी अन् माघारी जास्त पळती."

मीही त्यांच्यात हसायचो. घरी सांगायचो, पंक्चर झालं होतं.

एकदा बायको एसटीनं नसरापूरच्या बाजाराला निघाली होती. खिडकीतून तिनं मला पाहिलं. टेम्पो कडेला उभा आणि मी गुडघाभर चारीत. संध्याकाळी तिनं विचारलं, "काय हरवलं व्हतं?" मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पदर खोचून क्लीनरच्या जागेवर येऊन बसली.

मग आमचं हे रोजचंच झालं.

"काय व्हतं गं?"

"खड्डा."

"नक्की?"

"खड्डाच व्हता."

ती असं म्हणाली की छातीवरचा दगड उतरायचा. पुढच्या दणक्यापर्यंत. हळूहळू तिला सगळा रस्ता खड्ड्यांवरून पाठ झाला. "आता मोरीवर दणका बसंल, भिऊ नगा," असं आधीच सांगायची. पावसाळ्यात एखादा नवा पडला की म्हणायची, "ह्यो नवा पाव्हना दिसतोय." पण मला एकदा ऐकून पुरेना. पुन्हा विचारायचो, आणि पुन्हा विचारलं म्हणून माफी मागायचो. "माफ कर, येकदाच इचारतो." दिवसभर माझ्या तोंडी हेच. शेवटी शेवटी ती माफ कर म्हटलेलं ऐकतसुद्धा नव्हती.

तिचं माहेर वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी. लग्नानंतर ती दरवर्षी भातं निघाली की आईकडं राहायला जायची. माझं हे सुरू झाल्यावर तिचा मुक्काम बंद झाला. भाऊ न्यायला यायचा, तर त्याला सांगायची, "ह्यांची डेअरी हाय रं." माझी डेअरी होती, तिची नव्हती. पण ती गेली असती तर टेम्पो दारातच उभा राहिला असता, हे तिला ठाऊक होतं.

मला वाटायचं, माझी नजर गेलीय. भोरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन चष्मा केला. मग बदलून घेतला. चष्म्यातून रस्ता स्वच्छ दिसायचा आणि शंका होती तिथंच राहायची.

अशातच एक दिवस दुपारी तिच्या भावाचा फोन आला. "ताई, आय तुझं नाव घ्याया लागलीय. बिगीनं ये."

रिकामा टेम्पो काढून आम्ही निघालो. विंझर गेलं. पुढच्या वळणावर दणका बसला. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "खड्डा." मी थोडं पुढं गेलो आणि थांबलो.

"नक्की?"

"आवो, खड्डाच व्हता. चला की. आय थांबायची न्हाई."

मी गाडी वळवली. मला कळत होतं. तिची आई कळत होती, वेळ कळत होती, खड्डासुद्धा कळत होता. तरी हात वळवतच होते. उतरलो, बघितलं, परत आलो. थोडं पुढं गेलो आणि पुन्हा वळवली. तेव्हा मात्र ती खाली उतरली. भर उन्हात चालत गेली आणि त्या खड्ड्यात जाऊन उभी राहिली.

"हितं बगा. ह्यो खड्डा. मी उभी हाय त्यात. दुसरं कोन दिसतंय का तुमाला? आता चला."

गाडीरस्ता संपतो तिथं टेम्पो लावला. पुढं पायवाट. वाटेवरच बायकांचं रडणं ऐकू आलं. मेव्हणा अंगणात उभा होता. म्हणाला, "दाजी, आत्ताच गेली. पानी पाजलं तवा इचारत व्हती, आली का म्हनून."

भावकीतल्या एका बाईनं तिला विचारलं, "एवढा का गं येळ?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "रस्त्याला खड्डं लई."

आईचे दिवस झाल्यावर ती मला भोरला घेऊन गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं, मी कधी सांगितलं नव्हतं तेही. ते म्हणाले, "हे डोळ्यांचं दुखणं नाही. इथं ठरलेल्या दिवशी पुण्याहून मनाचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा."

बाहेर आल्यावर मी भडकलो. "मला येडा ठरवतीस व्हय?"

"येडं न्हाई तुमी," ती म्हणाली. "पन हे शानपन बी न्हवं."

ठरलेल्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी टॉवेलनं तोंड झाकून बसलो होतो. गावाकडचं कुणी बघायला नको. डॉक्टर म्हणजे आमची लेक शोभावी अशा वयाची मुलगी. तिनं झोप विचारली, भूक विचारली, कानात आवाज येतात का तेही विचारलं. मग म्हणाली, "कधी खरंच कुणाला लागलं होतं?"

"न्हाई."

"मग परत का जाता?"

"लागलं असलं तर?"

"ही शंका फुकाची आहे, असं तुम्हाला स्वतःला वाटतं का?"

"वाटतं की. तरी जावंच लागतं."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "याला ओसीडी म्हणतात. आपल्याकडं जुना शब्द आहे, मंत्रचळ. एकच शंका मनात फिरत राहते आणि ती गप्प करायला तेच ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. आजार आहे, त्यावर औषध आहे. वेळ लागेल."

हरवलेली म्हैस अमक्याच्या रानात दिसली म्हणून कुणी सांगावं, तसं झालं मला. अजून घरी आणायची होती, पण कुठं आहे ते तरी कळलं.

बायकोनं विचारलं, "मी रोज खड्डाच म्हनत व्हते, ते?"

"त्यानं त्यांना बरं वाटायचं. आणि आजारालाही."

"म्हंजी मी आजाराला दूध पाजत व्हते."

"तुमचा काहीच दोष नाही," डॉक्टर म्हणाली. "पण आता त्यांनी विचारलं तर उत्तर देऊ नका." मग माझ्याकडं वळली. "आणि ही सारखी माफी मागताय, तीही त्यातलीच. खरंच मागायची असेल तर एकदा मागा आणि थांबा."

औषधं सुरू झाली. गाडीत ती शेजारी असायचीच. दणका बसायचा, मी विचारायचो, ती ओठ दाबून खिडकीबाहेर बघायची. फारच मागं लागलो तर म्हणायची, "डाक्टरीनबाईला इचारा." मला घाम फुटायचा. स्टिअरिंग घट्ट धरून मी पुढं जायचो. तिलाही ते सोपं नव्हतं. मांडीवरच्या पदराचं टोक ती पिळत असायची.

पुढं एक दिवस मी एकट्यानं टेम्पो नेला. डेअरीतला माणूस झाकण उघडून म्हणाला, "आज दूध हाय की!" मी बरा झालो होतो आणि शेजारची जागा रिकामी होती. परतताना खड्डे आले, तेव्हा भीती फारशी वाटली नाही. तिच्या आवाजाची सवय मात्र गेली नव्हती. आजही नाही.

ती पुन्हा माहेरी मुक्कामाला जाऊ लागली. पण तिथं आता आई नव्हती.

माझी माफी राहिली होती. एकदा मागा आणि थांबा. एकदाच मागायची तर ती चांगली झाली पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. गाडी चालवताना शब्द जुळवायचो आणि मोडायचो. हे कमी पडतंय, ते जास्त होतंय. जागाही ठरवली होती, विंझरच्या पुढचं ते वळण. एका दिवाळीत तिला माहेरी सोडायला निघालो आणि वळणावर गाडी हळू केली. तिला वाटलं, जुनं दुखणं उठलं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "चला, काय न्हाई तितं." आणि मी निघालो. म्हटलं, तिला घेऊन येताना बोलू. येतानाही शब्द बरोबर वाटले नाहीत. चारीत वाकून बघणारा माणूसच माफीचे शब्द पुन्हा पुन्हा तपासत होता, हे मला तेव्हा ओळखू आलं नाही. डॉक्टरलाही मी हे सांगितलं नाही.

अंगणात भात वाळत घालताना ती कोसळली. शेजारणीच्या मांडीवर तिचं डोकं देऊन मी टेम्पो भोरकडं पळवला. दणक्यावर दणके बसत होते. त्या दिवशी मी एकदाही आरशात बघितलं नाही. बोलायला तेवढा रस्ता होता, पण मी गाडीच चालवत राहिलो. भोर यायच्या आधीच शेजारीण रडायला लागली.

टेम्पो विकला. आता कधीमधी एसटीनं वेल्ह्याला जातो आणि तिच्या बाजूच्या, डाव्या खिडकीशी बसतो. रस्ता नवा झालाय. त्या वळणावर खड्डा उरला नाही, गाडी नुसती सरळ निघून जाते. मी तरी दणक्याची वाट बघतो. दणका बसला तर मी विचारीन आणि ती सांगेल, असं वाटत राहतं. तिथं मनात जे येतं ते इथं लिहितो. शब्द जुळवत नाही.

तुझी आय तुझी वाट बघत व्हती. खड्डाच व्हता, मला बी ठावं व्हतं, तरी म्या गाडी वळवली. माफ कर.