चित्रामागची काचेची पट्टी

लातूर, १४ जुलै. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज मात्र राहवत नाही.

आपल्या नव्या इमारतीत खाली कलादालन आहे आणि वर कोचिंगचे वर्ग. दालन मोकळं दिसावं म्हणून मधले दोन खांब काढले. दालनाच्या समितीच्या बैठकीत त्याला सगळ्यांत मोठ्याने ‘सुंदर!’ मीच म्हणाले होते.

पुढे भिंतीला तडा दिसला. रहीमचाचा जुने गवंडी. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते गावोगाव तड्यांवर काचेची पट्टी चिकटवत. पट्टी तुटली, म्हणजे भिंत अजून हलते आहे. तशीच पट्टी त्यांनी परवा इथे लावली. ती वाईट दिसते म्हणून मी तिच्यावर मोठं चित्र टांगलं.

आज दुपारी चाचांनी चित्र उतरवलं. पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

“ताई, हे न्हाई चालायचं. वर लेकरं हायेत.”

इमारतीचे मालक तिथेच होते, ते हसले. “चाचा, तुम्हाला अजून भूकंपच दिसायलाय का? परवा दालनाचं उद्घाटन हाय. पुट्टी मारा.”

“मारतो की मालक. तुमचं लेकरू बसवता का वर?”

मालक फोन कानाला लावून निघून गेले. वरून बाकं सरकल्याचा आवाज आला. चित्र परत मीच टांगलं, आणि शेवटची बॅच सुटेपर्यंत नुसती खाली उभी राहिले.

तुमचं मूल वर असतं, तर मला काय म्हणाला असता?

उद्याचं काम: पहिल्या बॅचआधी जिन्याच्या दारात उभं राहून एकाही मुलाला वर जाऊ न देणं.