चोवीस बिटची परीक्षा

कबनूरला माझ्या भिंतीला लागूनच यंत्रमाग आहेत, त्यामुळे नीट गाणं ऐकायचं तर मागांच्या सुट्टीची वाट बघावी लागते. परवा सुट्टीला मोबाईलवर एकच गाणं आधी सोळा बिटला लावलं, मग त्याहून वरच्या दर्जाच्या चोवीस बिटला. चोवीसचा आवाज लई भारी वाटला, म्हणून कौतुकानं पुण्यातल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, “पप्पा, आकडा बघून भारीच वाटणार की! डोळे मिटून बसा, दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि मग ओळखा.”

मोठा शहाणा! फोन ठेवला आणि तरीही डोळे मिटून बसलो. त्याची आई गेल्यापासून या घरात मी ठेवलेली वाटीसुद्धा कुणी हलवत नाही, गाणं कोण बदलणार?