शेजारी माणूस असलं की

आमच्या लाइनवर यंत्राचा हात आला तेव्हा मला सहावा महिना लागला होता, आणि हा मेला मलाच घरी बसवायला आलाय, अशी माझी खात्री झाली.

आमच्याकडं रीतच होती तशी. महादेवपुऱ्याच्या मागच्या अंगाला आमचा पंपाचा कारखाना. पोट दिसायला लागलं की सुपरवायझर गोड आवाजात म्हणायचा, "अक्का, आता स्वल्प आराम करा." स्वल्प म्हणजे कानडीत थोडा. तशी आरामाला गेलेली एकही बाई परत आलेली मी पाहिली नाही. तिच्या स्टुलावर दुसरीच कुणी बसलेली असायची. पंपाची बॉडी जड, पोटुशीनं उचलू नये, हे कबूल. पण मला ते स्टूल सोडायचं नव्हतं. निपाणीहून लग्न होऊन इथं आले तेव्हा नवऱ्याशिवाय ह्या शहरात मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. कारखान्यात लागले आणि माणसांत आले.

हात बसवायला आलेला इंजिनिअर पुण्याचा. लाइनवर मराठी बाई भेटली म्हटल्यावर त्याला कोण आनंद!

"ताई, हा कोबॉट आहे. बाकीच्या रोबोंसारखा याला जाळीत नाही ठेवत. हा तुमच्या शेजारी उभा राहून काम करणार. बघा हं." असं म्हणून त्यानं चालत्या हातासमोर आपलं डोकंच घातलं. मी किंचाळले. शेजारच्या स्टुलावरच्या अक्कानं "अय्यो!" म्हणून डोळे मिटले. हात त्याच्या कानाला लागला आणि जागच्या जागी थांबला. इंजिनिअर हसत होता.

"जड बॉडी हा उचलेल," तो म्हणाला, "तुम्ही फक्त रबराची रिंग बसवायची. बाळंतपणाला गेलात की हा तुमची जागा धरून ठेवेल. परत या, इथंच बसा."

हे त्यानं सुपरवायझरसमोर सांगितलं. मी दोनदा वदवून घेतलं.

मग आमची जोडी जमली. हात बॉडी उचलून समोर ठेवायचा, मी रिंग बसवून बटण दाबलं की झाकण आणायचा. पण किती हळू! अंधारात जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मला हसू यायचं. "ह्यालाही दिवस गेलेत वाटतं," मी अक्काला म्हणायचे, आणि ती पोट धरून हसायची. जात्याच मंद आहे बिचारं, अशी माझी समजूत. कधी मला उशीर झाला तर "थांब रे बाबा, आले," म्हणायचे. थांबायचा.

सातव्यात लाइनच्या बायकांनी कँटीनमध्ये माझी ओटी भरली. इथल्या कानडी बायका त्याला सीमंत म्हणतात. अक्कानं जयनगरच्या बाजारातून हिरव्यागार काचेच्या बांगड्या आणल्या आणि दोन्ही हातांत भरल्या. बाळंत होईपर्यंत काढायच्या नाहीत, असं बजावलं. कामावर काचेची बांगडी चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यावर उपायही सगळ्यांना ठाऊक होता. बांगड्यांवर कागदी चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची आणि वरून बाही ओढायची. हळदीची नवरी असो की सातव्यातली लेकुरवाळी होणारी, सगळ्या असंच करत आलेल्या. सुपरवायझरलाही दिसायचं. त्याच्या घरीही बायको होती, तो दुसरीकडं बघायचा.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. एक रिंग वाकडी बसली. हात झाकण घेऊन येत होता, तरी मी ती सरळ करायला मनगट आत घातलं. सगळ्याच घालायच्या. लागला तर थांबतो, हे आता अंगवळणी पडलं होतं. हात आला, माझ्या मनगटाला टेकला, मनगट टेबलाच्या कडेला टेकलं, आणि सांगितल्याप्रमाणं तो थांबला. इतका हलका, जसं झोपलेल्या माणसाला कुणी हळूच उठवावं. आणि बाहीच्या आतून कट्‌कट्‌ आवाज आला.

दुखलं नाही. मी नुसती बघत राहिले. मग चिकटपट्टीच्या कडेनं रक्त बाहेर आलं.

"फुटल्या," माझ्या तोंडून निघून गेलं. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. सातव्यातला चुडा, आणि मी अशुभ बोलून बसले! अक्का पट्टी सोडवत होती, काचा वेचत होती, काहीतरी बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं. मी दुसऱ्या हातानं पोट धरून बसले होते. नवरा टॅक्सीवर, त्याला फोन लावला तर उचलेना. काय काय मनात आलं ते लिहवत नाही. त्याचा उलटा फोन आला, "काय गं?" म्हणाला, आणि मला रडूच फुटलं. तेवढ्यात पोटात बाळानं लाथ मारली. तेव्हा कुठं जिवात जीव आला.

मनगटाला टाके पडले. मलमपट्टी करून आले तर इंजिनिअर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेला, तोंड पांढरंफटक.

"ताई, जोर लिमिटच्या आतच होता. कातडीला काही व्हायलाच नको होतं."

"म्हणजे तुमच्या मापात माझं मनगट बसलं, चुडा नाही बसला, होय?" मी ओरडले. सगळी लाइन बघायला लागली. "बाई शेजारी बसवणार, मग तिच्या हातात काय असतं ते विचारायचं नाही कुणाला?"

तो हळूच म्हणाला, "असं परत होणार नाही. मी बंदोबस्त करतो."

शहाणा पोरगा, मला वाटलं. मनातल्या मनात मी त्याला माफही केलं आणि लवकरच रजेवर गेले. मुलगी झाली. दणदणीत, काळीभोर, रडकी. ती मऊ भात खायला लागली तशी तिला गावाहून आलेल्या सासूबाईंकडं ठेवून मी कामावर हजर झाले. अक्कानं फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. "ये, बघ," एवढंच म्हणाली होती.

बघितलं. माझ्या जागेभोवती पिवळी जाळी होती, छातीइतकी उंच, तिला दार. स्टूल नव्हतं. रबराच्या रिंगा कुठल्याशा नळीतून आपोआप खाली पडत होत्या. आणि आत तो हात... आई गं! सपासप, सपासप. डोळा ठरेना. हाच का तो, म्हणून मी त्याच्या कोपरावरचा ओरखडा शोधला. तोच होता.

"हा इतका जोरात चालतो?" मी इंजिनिअरला विचारलं.

"पहिल्यापासून चालतो, ताई. शेजारी माणूस असलं की त्याला हळू चालावं लागतं. तुमच्या त्या अपघातानंतर वरून जाळीची ऑर्डर आली. जाळी आली म्हटल्यावर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "पॅकिंगला कुठं होतंय का बघतो मी."

मी अक्काकडं पाहिलं. ती मान खाली घालून काम करत होती. म्हणजे तो मंद नव्हताच. मी हसायचे त्याला, आणि तो इतके महिने माझ्यासाठी सावकाश चालत होता! आणि मी शेजारी नाही म्हटल्यावर कुणाला त्याला हळू चालवायची गरजच उरली नव्हती.

मी जाळीचं दार उघडलं. आत पाऊल टाकलं नाही, नुसतं उघडलं. हात अर्ध्यात थांबला. मागोमाग पट्टा थांबला, आणि एकेक करत सगळ्या लाइनचा आवाज बंद झाला. बायका वळून बघायला लागल्या. सुपरवायझर पळत आला.

"ताई, प्लीज," इंजिनिअर म्हणाला, "दार लावा."

"लावते की," मी म्हटलं. "शेजारी माणूस आहे. स्वल्प थांबू दे त्याला."