ग्रुपमध्ये ॲड केलं की चालतं

मंडळी, आज सूड उगवला!

माझ्या तळहाताएवढ्या लिनक्स कॉम्प्युटरवर व्हिडिओ अडकत होता. आमच्या रत्नागिरीच्या लिनक्स ग्रुपवर विचारलं, तर ॲडमिन मंदार म्हणाला, "हे खेळणं भाट्याच्या समुद्रात फेक." वर मलाच ग्रुपमधून काढलं.

आज कारण सापडलं. ग्राफिक्स चिप वापरायची परवानगीच माझ्या युजरला नव्हती. सिस्टीममधल्या 'रेंडर' नावाच्या ग्रुपमध्ये त्याला ॲड केलं, आणि व्हिडिओ सुसाट!

स्टेटस ठेवल्याबरोबर मंदारचा मेसेज. "मेल्या, मीपण तेच खेळणं घेतलंय. माझाही व्हिडिओ अडकतो. कसं केलंस?"

मी खरं तेच लिहिलं, "ग्रुपमध्ये ॲड केलं की चालतं."

त्याने निमूट मला परत ग्रुपमध्ये घेतलं. आता विचारतोय, "घेतलं ना तुला? मग अजून का अडकतोय?"

सांगू, की बसू दे बोंबलत?